यंत्र भंगारात, मॅन्युअल रद्दीत

कोल्हापुरात एखाद्या कचेरीतलं जुनं यंत्र निकालात निघालं की त्याच्या दोन वाटण्या होतात. लोखंड, तांबं, ॲल्युमिनियम वजनावर भंगारवाल्याकडे जातं. यंत्राबरोबर आलेली पुस्तकं, नकाशे, जोडणीचे कागद कपाट रिकामं करताना वर्तमानपत्रांच्या गठ्ठ्यात बांधून रद्दीत जातात. यंत्राच्या लिलावाची निदान नोंद तरी होते. बोली लागते, पावती फाटते. कागदांची नोंद बहुधा कुठेच नसते, कारण यंत्र डेडस्टॉक रजिस्टरला, म्हणजे टिकाऊ वस्तूंच्या नोंदवहीला, चढलं तेव्हा त्याचं मॅन्युअल चढलंच नव्हतं. माझं म्हणणं असं की या दोहोंत जास्त मोलाची वाटणी रद्दीत गेली. यंत्र लोकांच्या पैशातून घेतलेलं असेल तर त्याचं मॅन्युअलही लोकांचंच, आणि ते सांभाळायची जबाबदारी कुणाच्या तरी नावावर लिहिलेली असायला हवी.

हे म्हणणं कुठल्याही यंत्राला लावता येईल. मी ते फार थोड्यांना आठवत असलेल्या एका यंत्राच्या आधाराने मांडतो: पोर्टेबल कॉम्प्युटर टर्मिनल. कागद हरवला की यंत्र किती मुकं होतं, हे त्याच्याइतकं उघड दुसरीकडे दिसत नाही.

टर्मिनल म्हणजे कॉम्प्युटर नव्हे. १९७०च्या दशकात कॉम्प्युटर कुठेतरी थंडगार खोलीत असायचा आणि त्याच्याकडून काम करून घेणारा माणूस दुसऱ्या गावात. त्या माणसाच्या हातात असायचा तो टर्मिनल. टेक्सास इन्स्ट्रुमेंट्सच्या 'सायलेंट ७००' मालिकेतली पोर्टेबल मॉडेलं हे त्याचं ठळक उदाहरण. प्रवासी बॅगेएवढं यंत्र, पुढे कीबोर्ड, वर उष्णतेने छापणारा प्रिंटर आणि मागे रबराच्या दोन वाट्या. फोन लावायचा, पलीकडून कॉम्प्युटरची शिट्टी ऐकू आली की रिसीव्हर त्या वाट्यांत दाबून बसवायचा. मग दोन्हीकडची यंत्रं एकमेकांशी शिट्ट्यांनी बोलायची, शून्याला एक सूर आणि एकाला दुसरा. असा एकेक शून्य किंवा एक म्हणजे एक बिट. वेग सेकंदाला ३०० बिट. एका अक्षराला दहा बिट लागायचे: सुरुवातीचा एक, अक्षराचे सात, तपासणीचा एक, शेवटचा एक. म्हणजे सेकंदाला ३० अक्षरं. आज हे हास्यास्पद वाटेल, पण त्याआधीचं टेलिटाइप यंत्र सेकंदाला १० अक्षरं ठोकायचं आणि ठोकताना खोलीत बोलणं अशक्य करायचं. नावातलं 'सायलेंट' तिथून आलं.

त्या रबरी वाट्यांची गोष्ट मला फार आवडते. थेट तार जोडायची सोडून रिसीव्हर वाटीत कोंबण्याचा उद्योग कुणी का करावा? कारण अमेरिकेत टेलिफोन कंपनीच्या लाइनीला परकं उपकरण तारेने जोडायला बंदी होती. आवाजाने जोडलं की कंपनीच्या तारेला हात लागत नव्हता. १९६८ साली 'कार्टरफोन' नावाच्या उपकरणाच्या खटल्यात तिथल्या नियामक आयोगाने ही मक्तेदारी मोडली, तरी वाट्या पुढे कितीतरी वर्षं टिकल्या. हॉटेलातल्या खोलीतल्या फोनला तार कोण जोडू देणार? यंत्राच्या पाठीवरचे ते दोन खड्डे म्हणजे एका कायद्याचा ठसा आहे. नुसतं यंत्र बघून हे कळत नाही.

पुढची गोष्ट लवकर संपते. १९८१ मध्ये जवळपास ११ किलोंचा ऑस्बर्न १ आला, १९८३ मध्ये साध्या पेन्सिल सेलवर चालणारा आणि पोटातच मोडेम (फोनवर शिट्ट्यांनी बोलणारा भाग) असलेला टीआरएस-८० मॉडेल १०० आला. बातमीदार मांडीवर घेऊन त्यावर बातम्या लिहायचे आणि फोनवरून धाडायचे. टर्मिनल आणि कॉम्प्युटर एकाच डबीत आल्यावर नुसत्या टर्मिनलचं दुकान उठलं.

असं एक अमेरिकन टर्मिनल उद्यमनगरातल्या, म्हणजे कोल्हापूरच्या कारखानदारी वस्तीतल्या, ओळखीच्या मिस्त्रींच्या वर्कशॉपात येऊन पडलं होतं. कुठल्याशा संस्थेच्या लिलावातल्या लॉटमध्ये आलेलं. मी मॅन्युअल शोधायचं म्हणालो तर मिस्त्री हसले. "मॅन्युअल काय करताय घिऊन? खोलूया की!"

हा कोल्हापुरी बाणा आहे आणि तो पोकळ नाही. शिवाजी उद्यमनगर ह्याच बाण्यावर उभं राहिलं. परदेशी इंजिनाचा तुटका पार्ट आणायचा, व्हर्नियर लावून बारीक माप घ्यायचं, लाकडाचं पॅटर्न करायचं, फौंड्रीत ओतायचा, लेथवर चढवायचा. इथल्या कारागिरांनी पिढ्यान्‌पिढ्या नकाशाशिवाय पार्ट पाडले आणि ते चालले. मिस्त्रींनी टर्मिनल खोललं तेव्हाही तेच झालं. कागद ओढणाऱ्या रुळाचं रबर काकवीसारखं पाघळून खाली टपकलं होतं. त्यांनी रूळ साफ केला, छापखान्याच्या रुळांना रबर चढवणाऱ्याकडून नवं रबर चढवून आणलं आणि लेथवर मापात घासून बसवलं. पॉवर सप्लायचे फुगलेले कॅपॅसिटर बदलले. यंत्र ११५ व्होल्टचं, म्हणून स्टेपडाउन ट्रान्सफॉर्मर लावला. फॅक्सचा थर्मल रोल कापून आत घातला. दिवा लागला, प्रिंटरचं डोकं एका टोकाकडून दुसऱ्या टोकाला गेलं, आणि वर्कशॉपातल्या पोरांनी टाळ्या पिटल्या.

मग मी लॅपटॉप जोडला, वेग ३००वर ठेवला आणि इंग्रजीत 'कोल्हापूर' हा शब्द धाडला. कागदावर के उमटला. ओ आणि एल यांच्या जागी दोन काळे ठोकळे. मग एच, ए, पी, यू अगदी नीट. शेवटच्या आरच्या जागी पुन्हा ठोकळा.

मिस्त्रींना वाटलं प्रिंटरच्या डोक्यातले तापणारे काही ठिपके मेले. पण डोकं मेलं असतं तर सगळीच अक्षरं तुटकी आली असती. इथे जी आली ती अख्खी आली. भानगड तपासणीच्या बिटात होती. ॲस्की सांकेतिक पद्धतीत प्रत्येक अक्षर सात बिटांचं. टर्मिनलची अपेक्षा अशी, की आठवा बिट असा यावा की त्या अक्षरातल्या एकांची एकूण संख्या सम व्हावी. लॅपटॉप मात्र आठव्या जागी डोळे मिटून शून्य पाठवत होता. के मध्ये चार एक आहेत, एच, ए आणि पी मध्ये दोन-दोन, यू मध्ये चार. ही सम संख्येची मंडळी पास झाली. ओ मध्ये पाच, एल आणि आर मध्ये तीन-तीन, ती नापास. लॅपटॉपवर एक सेटिंग बदललं आणि गावाचं नाव पूर्ण छापलं गेलं.

आता कुणी म्हणेल, बघा, मॅन्युअलशिवाय जमलं! जमलं ते ॲस्कीचा तक्ता जगजाहीर आहे म्हणून. १९६३ पासून तो छापील मानक आहे, कुणालाही बघता येतो. म्हणजे आम्ही कागदाशिवाय चाललोच नव्हतो, दुसऱ्याच कुणीतरी जपलेल्या कागदावर चाललो होतो. असा जगजाहीर कागद जिथे नव्हता, तिथे आमची गाडी तिथल्या तिथे अडली. आतल्या बोर्डावर आठ बारक्या स्विचांची रांग होती. शेजारी नाव नाही, खूण नाही, फक्त एक ते आठ आकडे. आठ स्विचांच्या २५६ जुळण्या होतात, आणि एकेक जुळणी लावल्यावर नेमकं काय बदललं हे ओळखायला काय बदलू शकतं हे आधी ठाऊक हवं. काही स्विचांचा परिणाम पलीकडे विशिष्ट कॉम्प्युटर असल्याशिवाय दिसतच नाही. मिस्त्री बराच वेळ त्या रांगेकडे बघत राहिले आणि म्हणाले, "ह्याला व्हर्नियर लागत न्हाई की हो."

उद्यमनगरी पद्धतीची मर्यादा त्या एका वाक्यात आली. पिस्टनचं माप पिस्टनवरच असतं. पण दोन यंत्रांनी एकमेकांशी कोणत्या क्रमाने आणि कोणत्या खुणांनी बोलायचं हा ठराव असतो, आणि ठराव धातूत दिसत नाही. अमेरिकेतल्या बेल १०३ पद्धतीत फोन करणारं यंत्र एकासाठी १२७० हर्ट्‌झचा आणि शून्यासाठी १०७० हर्ट्‌झचा सूर काढतं. अमेरिकेबाहेर रुळलेल्या व्ही.२१ पद्धतीत तेच सूर ९८० आणि ११८०. वाट्या त्याच, फोन तोच, वेगही तोच, आणि तरी ही दोन यंत्रं जन्मात एकमेकांना ओळखणार नाहीत. बाहेरून दोन्ही सारखीच दिसतात.

आमच्या मॉडेलची एक पुस्तिका शेवटी इंटरनेटवर सापडली. ऑपरेटरसाठीची. कागद कसा भरावा, रिसीव्हर कुठल्या दिशेने ठेवावा, सगळं चित्रांसकट. स्विचांबद्दल एकच ओळ होती: आतली जुळणी बदलायची असल्यास सेवा अभियंत्याशी संपर्क साधावा. तो अभियंता आज कुठे असेल देव जाणे.

ह्यात एक क्रम आहे आणि जुन्या यंत्रांच्या मागे लागलेल्या प्रत्येकाला तो भेटतो. जाहिरातीचं रंगीत पत्रक सगळ्यात सहज मिळतं, कारण ते सगळ्यात जास्त छापलं गेलं. त्याखालोखाल ऑपरेटरची पुस्तिका. मेंटेनन्स मॅन्युअल, पार्टांची सचित्र यादी आणि सर्किटचे घडीचे मोठे नकाशे मोजक्या सेवा केंद्रांपुरते छापलेले, आणि करार संपल्यावर पुष्कळदा परत घेतलेले. जे दुरुस्तीला सगळ्यात जास्त लागतं तेच सगळ्यात कमी उरतं. जे उरतं त्याचं स्कॅनिंग करताना माणूस कंटाळतो तो नेमका घडीच्या नकाशापाशी. तो उलगडायला मोठं मशीन लागतं, म्हणून तो घडीसकट तसाच स्कॅन होतो आणि अर्धं सर्किट घडीखाली राहतं.

उलट उदाहरणही द्यायला हवं. डिजिटल इक्विपमेंट कॉर्पोरेशनचा व्हीटी१०० हा टेबलावरचा टर्मिनल १९७८ चा. ही कंपनी मॅन्युअलांच्या बाबतीत शिस्तीची होती. प्रत्येक पुस्तिकेला स्वतःचा क्रमांक: 'ईके-व्हीटी१००-यूजी' ही वापरणाऱ्यासाठी, 'ईके-व्हीटी१००-टीएम' ही तंत्रज्ञासाठी. पडद्यावरचा कर्सर कुठे न्यायचा, ओळ कशी पुसायची, अक्षर ठळक कसं करायचं, यासाठी कॉम्प्युटरने कोणती खूण पाठवायची ते त्यांत एकेक करून छापलेलं. १९७९च्या अमेरिकन मानकातही खुणांची तीच घराणी आली. परिणाम काय झाला? कंपनी १९९८ मध्ये विकली गेली, व्हीटी१००चं उत्पादन तर त्याच्या कितीतरी आधी थांबलं, पण आज लिनक्सवर टर्मिनलची खिडकी उघडली की आतून व्हीटी१००चीच नक्कल चालू असते. राजारामपुरीतल्या एखाद्या क्लासमध्ये पायथन शिकणारी पोरं रोज त्याच्याशी बोलतात. यंत्र गेलं, त्याचं वागणं राहिलं, कारण ते वागणं लिहून ठेवलं होतं आणि ते लिहिलेलं लोकांच्या हाती होतं. त्याच काळातले डझनावारी दुसरे टर्मिनल, त्यातले काही कदाचित जास्त हुशार, कायमचे गप्प झाले.

मॅन्युअल क्रमांकाने शोधावं, नावाने नाही, हा धडा कामाचा आहे. नावाने शोधलं की जुन्या वस्तू विकणाऱ्यांच्या जाहिराती समोर येतात. मागच्या पट्टीवरचा किंवा बोर्डावर छापलेला क्रमांक टाकला की कधी कधी खरा कागद हाती लागतो. तेही नसेल तर आडवाटा असतात. कंपनीने घेतलेली पेटंटं काढून बघावीत. त्या काळातल्या काही पेटंटांत अख्खं सर्किट आणि आतल्या प्रोग्रॅमची यादीसुद्धा छापलेली सापडते. चिपांच्या अंगावरचे नंबर वाचून त्यांची माहितीपत्रकं गोळा करावीत. २५ पिनांच्या जोडणीत दुसऱ्या पिनेवरून डेटा जातो, तिसरीवरून येतो आणि सातवी ग्राउंड, हे आरएस-२३२ या तारजोडणीच्या मानकातच ठरलेलं आहे, ते गृहीत धरून निघावं. ह्या सगळ्याला चिकाटी लागते आणि ती असणारी माणसं कोल्हापुरात कमी नाहीत. पण चिकाटीच्या भरवशावर धोरण चालत नाही.

सध्या धोरणाच्या जागी काय आहे? परदेशातल्या मूठभर लोकांची हौस. बिटसेव्हर्स हा जुन्या कॉम्प्युटरांच्या कागदपत्रांचा सगळ्यात मोठा खुला साठा. अल कोसो या एका माणसाच्या कष्टांवर तो उभा राहिला. कॅलिफोर्नियातल्या कॉम्प्युटर हिस्टरी म्युझियममध्ये ते सॉफ्टवेअरच्या संग्रहाचं काम पाहत. त्यांच्याबद्दल मला नितांत आदर आहे. पण सगळं जग एका माणसाच्या स्कॅनरवर अवलंबून असणं ही काही आनंदाची गोष्ट नव्हे. दुसरा मोठा आधार इंटरनेट अर्काइव्ह या ऑनलाइन साठ्याचा, तर २०२४च्या ऑक्टोबरात सायबर हल्ल्यानंतर तो काही दिवस बंदच होता. "सगळं नेटवर आहे" म्हणणाऱ्यांनी तेव्हा काही शोधायला जायला हवं होतं. शिवाय तिथे जे आहे ते अमेरिकेत छापलेलं आणि अमेरिकेत वाचलेलं. आपल्याकडे बनलेल्या, आपल्या कचेऱ्यांत चाललेल्या यंत्रांचे कागद कॅलिफोर्नियातल्या माणसाने का आणि कुठून गोळा करावेत?

हौशी संग्राहकांबद्दलही थोडं बोललं पाहिजे. त्यांच्यातले बरेच उदार आहेत. पण अशीही मंडळी आहेत जी दुर्मीळ मेंटेनन्स मॅन्युअल कपाटात कुलूपबंद ठेवतात, एकेक पान मोबाइलवर दाखवून भाव खातात, किंवा दुसऱ्याने फुकट दिलेल्या स्कॅनवर आपलं नाव उमटवून विकतात. त्यांना दोष देऊन उपयोग नाही. सार्वजनिक जागा रिकामी असली की खासगी मालकी तिथे पथारी टाकणारच.

सार्वजनिक जागा म्हणजे कोणती, हे कोल्हापुरात तरी शोधत बसावं लागू नये. या गावाला कागद जपण्याची सवय आहे. करवीर नगर वाचन मंदिर १८५० पासून चालू आहे. पुरालेखागारात करवीर संस्थानची मोडी दप्तरं आहेत, आणि मोडी वाचणारे कमी झाले म्हणून ती जाळून टाकावीत असं कुणी म्हणत नाही. उलट मोडीचे वर्ग निघतात. शिवाजी विद्यापीठाचं मोठं ग्रंथालय आहे, अभियांत्रिकी महाविद्यालयं आहेत, पॉलिटेक्निक आहे. आपण संस्थानी काळातला खर्चाचा तपशील जपतो आणि १९८५च्या यंत्राचं सर्किट रद्दीला देतो, याला काही तर्क नाही. जुनं म्हणजे किमान शंभर वर्षांचं, एवढी एक समजूत आहे. पण शाईचा कागद दोनशे वर्षं टिकतो, आणि थर्मल प्रिंटरवर निघालेली चाचणीची पट्टी काही वर्षांतच पांढरी पडते. तिच्यासाठी शंभर वर्षं थांबलो तर हातात कोरी पट्टी येईल.

थांबायला वेळ नाही याचं दुसरं कारण पंचगंगा. २०१९च्या ऑगस्टमध्ये आणि पुन्हा २०२१च्या जुलैमध्ये शाहूपुरी, व्हीनस कॉर्नर भागात पाणी शिरलं. तळमजल्यावरची गोदामं, दुकानं, वर्कशॉपं बुडाली. भिजलेली मोटर सुकवून, रिवाइंड करून चालू करता येते आणि उद्यमनगराने ती केलीही. भिजून लगदा झालेल्या पुस्तिकेला रिवाइंडिंग नाही. मालाचा विमा असतो. कपाटाच्या तळाशी पडलेल्या सर्किट डायग्रामचा विमा मी तरी ऐकलेला नाही.

"पण कॉपीराइटचं काय?" हा प्रश्न हमखास येतो आणि विचारणारा बहुतेक वेळा कायदा न वाचताच विचारतो. अडचण खरी आहे. भारतीय कायद्यात लेखकाचं नाव नसलेल्या प्रकाशनाला प्रकाशनानंतर ६० वर्षं संरक्षण मिळतं. म्हणजे १९७७ साली निनावी छापलेलं मॅन्युअल २०३७ संपेपर्यंत कुणाचं तरी, भले त्या कंपनीचा आज पत्ता का लागेना. पण त्याच कायद्याचं कलम ५२ ग्रंथालयांना वाट मोकळी करून देतं. नफा न कमावणाऱ्या सार्वजनिक ग्रंथालयाकडे एखाद्या पुस्तकाची छापील प्रत असेल तर जतनासाठी ते इलेक्ट्रॉनिक स्वरूपात साठवायला २०१२च्या दुरुस्तीने परवानगी आहे. भारतात विक्रीला नसलेल्या पुस्तकाच्या तीनपर्यंत प्रती ग्रंथालयाच्या वापरासाठी काढायला तर त्याआधीपासूनच मुभा आहे, आणि त्यात पत्रक, तक्ता, नकाशाही येतो. जगभर खुलं टाकता येणार नाही, कबूल. पण आपल्या ग्रंथालयात मॅन्युअल जपायला, स्कॅन करायला आणि येऊन मागणाऱ्याला दाखवायला कायदा आडवा येत नाही. आडवी येते ती आपली समजूत, की मॅन्युअल हे 'पुस्तक' नव्हे.

ग्रंथालयांच्या वर्गवारीत मॅन्युअलाला जागा नाही हे खरं. प्रकाशकांनी प्रत्येक पुस्तकाची प्रत कोलकात्याच्या राष्ट्रीय ग्रंथालयासह चार ग्रंथालयांना द्यावी असा १९५४ चा कायदा आहे. यंत्राच्या खोक्यात थर्माकोलखाली आलेली, परदेशात छापलेली पुस्तिका त्यात बसत नाही. दुरुस्तीच्या हक्काचं वारं वाहतंय, त्याचं मी स्वागतच करतो. केंद्राच्या ग्राहक व्यवहार विभागाने २०२२ मध्ये त्यासाठी समिती नेमली आणि त्याच वर्षी पोर्टल उघडलं. पण तिथे आजच्या कंपन्यांनी आजच्या मालाची माहिती द्यायची आहे. बंद पडलेल्या कंपनीने काय द्यावं? ई-कचऱ्याची २०२२ ची नियमावली घ्या. तिचा मुख्य भर धातू परत मिळवण्यावर आहे. ते करायलाच हवं, पण यंत्राची माहिती कुठल्या कारखान्यात वितळवून परत मिळते?

हा प्रश्न फक्त जुन्या हौसेचा आहे असं वाटत असेल तर आजच्या पोर्टेबल टर्मिनलांकडे बघा. एसटीच्या वाहकाच्या गळ्यातलं तिकीट मशीन, दुकानातलं कार्ड घासायचं यंत्र, गावच्या दूध संस्थेत फॅट मोजून पावती देणारा संच, वीज मीटर वाचणाऱ्याच्या हातातलं सीएमआरआय हे नोंद घेणारं यंत्र: सगळी त्याच कुळातली. मोठा कॉम्प्युटर दुसरीकडे, हे त्याचं हातातलं तोंड. सीएमआरआयची कहाणी तर आमच्या स्विचांच्या रांगेचीच मोठी आवृत्ती आहे. विजेचे इलेक्ट्रॉनिक मीटर आले तेव्हा प्रत्येक कंपनीच्या मीटरची बोलायची तऱ्हा वेगळी आणि ती कंपनीच्या मुठीत. वाचणाऱ्याच्या यंत्रात प्रत्येक कंपनीचा वेगळा प्रोग्रॅम भरावा लागे. २०११ मध्ये आयएस १५९५९ हे भारतीय मानक निघालं, मीटरने काय आणि कसं सांगायचं ते छापील झालं, आणि नव्या मीटरांपुरती तरी ही मूठ सैल झाली. जाहीर कागदाने काय साधतं याचा याहून जवळचा पुरावा मला माहीत नाही.

यावर एक आक्षेप मला खरोखर विचार करायला लावतो. तिकीट मशीन किंवा कार्डाच्या यंत्राचे सगळे तपशील उघडे केले तर चोरांचं फावणार नाही का? काही तपशिलांच्या बाबतीत फावेल. किल्ल्या, सांकेतिक आकडे, सुरक्षेचे भाग कुणी उघड्यावर मांडा म्हणत नाही. पण सर्किट, पार्टांची यादी, जोडणीच्या पिना, स्विचांचा तक्ता यांत गुपित काय आहे? आणि जे आज गुपित आहे ते यंत्र सेवेतून गेल्यावर दहा-पंधरा वर्षांनी उघडं करायला काय हरकत आहे? बंद लखोट्यात जमा करा, तारीख घाला. सरकारी फायलींनाही गुप्ततेची मुदत असतेच.

दुसरा आक्षेप जागेचा आणि पैशाचा, तो मला कमी पटतो. सगळ्या कपाटांतलं सगळं जपा असं मी म्हणत नाही. एका मॉडेलचा एक संच पुरे. हजार पंख्यांची हजार वॉरंटी कार्डं खुशाल रद्दीत जाऊ देत. निवड करावीच लागेल, आणि ती करायला उद्यमनगरातला जुना मेकॅनिक आणि ग्रंथपाल शेजारी बसावे लागतील. एकाला काय लागतं ते कळतं, दुसऱ्याला ते पुन्हा सापडेल असं कसं ठेवायचं ते कळतं. पॉलिटेक्निकच्या शेवटच्या वर्षाच्या मुलांना प्रोजेक्ट म्हणून स्कॅनिंग दिलं तर दरवर्षी ठरलेल्या वेबसाइटी करण्यापेक्षा बरं काम होईल. घडीचे नकाशे मात्र उलगडून, ६०० डीपीआयला (इंचाला ६०० ठिपके), आणि मार्जिनमधल्या पेन्सिलच्या नोंदी पुसून न टाकता. कुणा मेकॅनिकने "हा रेझिस्टर नेहमी जळतो" असं लिहून ठेवलेलं असतं, ते कंपनीच्या छापील मजकुरापेक्षा मोलाचं.

नव्या कायद्याची वाट बघायची गरज नाही. दोन ठिकाणी दोन ओळी वाढवल्या तरी सुरुवात होते. पहिली टेंडरमध्ये: यंत्राबरोबर मेंटेनन्स मॅन्युअल, सर्किट आणि संदेशांच्या रचनेचा दस्तऐवज यांची एक प्रत जिल्ह्यातल्या ठरावीक ग्रंथालयात जमा केल्याशिवाय शेवटचं बिल निघणार नाही. ठेकेदाराला बिल अडलेलं कळतं, बाकीची भाषा उशिरा कळते. दुसरी निर्लेखनाच्या प्रस्तावात. यंत्र निकामी ठरवताना आज खरेदीचं वर्ष, मूळ किंमत, घसारा, अपेक्षित लिलाव किंमत असे रकाने भरतात. त्याच तक्त्यात आणखी एक रकाना हवा: मॅन्युअल कुठे जमा केलं, पावती क्रमांक. रकाना रिकामा असला तर फाईल परत.

महापालिका, जिल्हा परिषद, विद्यापीठ हे आपापल्या पातळीवर ठराव करून सुरू करू शकतात. सहकारी साखर कारखाने, बँका आणि दूध संघांवर सरकारी सक्ती नाही, पण सभासदांच्या पैशाने घेतलेल्या वस्तूंचा हिशेब वार्षिक सभेत विचारायला सभासदाला कुणाची परवानगी लागत नाही. दरवर्षी मार्चअखेर जवळ आली की कचेऱ्यांत स्टॉक जुळवायची धांदल उडते, कपाटं उपसली जातात आणि हातगाडीवर गठ्ठे चढतात. रकाना छापून घ्यायचा असेल तर फेब्रुवारीत घ्यायला हवा.